हातचे दोन अंश

थंडर बे. उणे एकतीस.
सरोवरावरून आलेला वारा
माझ्या व्हॅनच्या दाराला लोंबकळत होता.
मी ओरेस्ट, भट्ट्या दुरुस्त करतो.
सकाळपासूनचं दुसरं घर: रंताला, टाउनो आणि लेम्पी.
त्याचं वय ब्याऐंशी. तिचं विचारलं नाही.

काम तसं सोपं.
भिंतीवरची सोनेरी गोल चकती उतरवायची,
आतली पाऱ्याची कुपी न फोडता डब्यात ठेवायची,
आणि त्या जागी नवा थर्मोस्टॅट,
रात्री कुणी न सांगता खाली येणारा,
पहाटे कुणी उठायच्या आत वर चढणारा,
गॅसच्या बिलातून थोडंफार परत आणणारा.

"बहात्तरवर ठेवलाय," लेम्पी माझ्या कानाशी म्हणाली,
"त्याला बोलू नका."
"अडुसष्टच्या वर मी जाऊच देत नाही,"
टाउनो मोज्यांवर मोजे चढवत म्हणाला.
चकतीची कड दोन जागी झिजली होती.
एक अंगठा तिचा असणार, एक त्याचा.

चार स्क्रू.
मागे भिंतीत भोक,
भोकात वर्तमानपत्राचा बोळा,
बोळ्यावरची बातमी पिवळी पडलेली.
तार नव्हती.

चकती फिरवली की पारा अजून हलायचा,
इमानेइतबारे, या टोकाकडून त्या टोकाकडे,
आणि अख्ख्या घरात त्याचं ऐकणारं कुणी नव्हतं.

टाउनोने मला तळघरात नेलं.
सॉनाच्या दाराआड, लाकडी बादलीमागे
एक पांढरी डबी.
"कागदाची गिरणी बंद झाली त्या हिवाळ्यात बसवली.
पगार थांबला, थंडी कुठे थांबते?
तिला 'कमी कर' म्हणवेना.
वरची तार कापली, खाली ही जोडली.
वर ती बहात्तर करते, तिला बहात्तरची ऊब लागते.
अर्धी ऊब तर आकड्याचीच असते, पोरा.
तेव्हापासून अडुसष्ट."

मी डबीकडे पाहिलं.
सत्तर.

त्यानेही पाहिलं. चष्मा काढून पुसला.
"जुनी आहे," म्हणाला. "दिवसभरात सरकते.
मी रोज रात्री परत जागेवर आणतो."

वर लेम्पी कॉफी ओतत होती.
तो बूट काढेपर्यंत तिने बोलून घेतलं:
"दाखवली ना डबी?
पूर्वी इथे चकती फिरवली की खाली भट्टी खोकायची.
एक दिवस खोकली नाही.
नवऱ्याचा खोकला थांबला तर बायकोला कळतं,
भट्टीचा कळणार नाही?
मुरंब्याची बरणी आणायला मी रोज तळघरात जाते.
इतका मुरंबा कोण खातं?
पण बहात्तर नाही केला कधी, शप्पथ.
गिरणी काय एकट्या त्याचीच बंद पडली होती?
दोन अंश मी सोडले.
दोन त्याच्याकडून काढून घेतले."

आणि तीस वर्षं दोघंही
भिंतीवरच्या त्या मुक्या चकतीवरून
पारा चढवून भांडत होते.

तळघरातली तार मी परत वर आणली.
नवा थर्मोस्टॅट उजळला.
"दिवसा वीस, रात्री सतरा," मी सुचवलं.
"वीस?" लेम्पीने शाल ओढली.
"नुसतं ऐकूनच हुडहुडी भरली."
"जुन्या मापातले ते अडुसष्टच," मी म्हटलं.
कपातली साखर ढवळत राहिला टाउनो,
विरघळून गेली तरी ढवळतच राहिला.
मग कुणाकडेही न बघता:
"एकवीस टाक.
रात्री हवं तर पंधरा कर. रात्री पांघरूण असतं."
एकवीस म्हणजे सत्तर, फार तर चिमूटभर कमी.
त्याने हिशेब आधीच केला होता.

निघताना लेम्पीने विचारलं, ती चकती ठेवता येईल?
पारा डब्यात गेला होता.
रिकामी चकती मी नव्याच्या शेजारी स्क्रूने बसवून दिली.
याचे पैसे लावले नाहीत.

बूट घालताना काचेतून दिसलं:
टाउनो बोळातून जाता जाता थबकला,
अंगठा झिजल्या कडेवर,
आणि हलकेच मागे. अडुसष्ट.
स्वयंपाकघरातून तिने मान वर केली.

मी दार उघडलं, थंडीचा लोट आत गेला असणार.
खाली भट्टी खोकली.